अमावस्येला सोडलेली वायर

आमच्या दूध संस्थेच्या कॉम्प्युटरला सुरू होताना एक खोड लागली होती. ती कुणामुळे लागली हे शोधण्यात गावाचे पाच महिने गेले आणि शेवटी गावाने जिला धरलं तिचा काही संबंध नव्हता. ते मी करत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला माझी कीव यायला नको.

संस्था बायकांची होती, म्हणजे कागदावर. बायकांच्या संस्थेला मंजुरी लवकर मिळते असं कुणीतरी तालुक्याला ऐकून आलं आणि गावातल्या पुरुषांनी बायका गोळा केल्या. मी चौथी पास, सही करणारी, मोठ्या घरातली थोरली सून. मला चेअरमन केलं. माझा चुलत दीर सचिव झाला आणि कारभार तोच बघायचा. पहिली दोन वर्षं तो बोट ठेवील तिथे मी सही केली. मग दुष्काळ पडला. शेतात जाऊन करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी रोज ऑफिसात जाऊन बसायला लागले. खुर्ची होतीच.

कॉम्प्युटर साखर कारखान्याच्या ऑफिसातून निघालेला. तिथे नवे आले तेव्हा जुने आसपासच्या संस्थांना वाटले, त्यातला एक आमच्या वाट्याला आला. पडदा लोखंडी पेटीएवढा, रंग पिवळा पडलेला. लाइट तर दिवसातून आठ-दहा तास जायची, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर त्याला जोडला होता. लाइट गेली तरी त्याचं चालू राहायचं.

तो चालवायला गावात एकच माणूस होतं. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ही आश्रमशाळेत राहून बारावी झालेली आणि नांदूरघाटला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. लग्न करून दिलं होतं. नवऱ्याने दोन वर्षांत दुसरी आणून घरात बसवली आणि हिला आईबापाच्या झोपडीवर आणून सोडलं. तिला कामावर मीच घेतलं. त्यात माझा मोठेपणा नव्हता, दुसरं कुणी मिळत नव्हतं. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "काकू, काम कितीबी सांगा. फकस्त मला परत कोयता धरायचा न्हाई." दहाव्या वर्षापासून सुट्टीत तिने फडात मोळ्या बांधल्या होत्या. हे काम राहिलं तर ती गावात राहणार होती, गेलं तर दिवाळीच्या पुढेमागे आईबापाबरोबर ट्रकमध्ये बसणार होती. एवढं साधं होतं ते, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काम असं, की सकाळ-संध्याकाळ बायामाणसं दूध घेऊन यायची, माप व्हायचं, ती आकडा टाकायची आणि चिठ्ठी निघायची. एरवी त्या चिठ्ठीला कुणी विचारत नव्हतं. लोक तिच्यात तंबाखू बांधायचे. पण दुष्काळाच्या त्या तिसऱ्या वर्षी शेजारच्या सोसायटीच्या चारा डेपोवर त्याच दिवसाची दुधाची चिठ्ठी दाखवली तरच चाऱ्याची पेंढी मिळत होती. तारीख बघितल्याशिवाय डेपोवाला हात लावत नव्हता.

पाडवा झाल्यावर महिन्याभरात एका संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू करताना कोकलला. एक लांब शिट्टी, मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि तिथेच थांबला. तिने एक बटण दाबलं, तसा पुढे चालू झाला. चिठ्ठ्या निघाल्या. थोड्या वेळाने डेपोवरून एक म्हातारा चिठ्ठी नाचवत परत आला.

"काकू, ह्या तारखंला माझी म्हैस जन्मायची व्हती. तिच्या आईचाबी पत्ता न्हवता. अन् तुमच्या मशीननं तिचं चार लिटर दूध लिवलंय."

सगळे हसले. मीही हसले. चिठ्ठीवर संस्था स्थापन व्हायच्याही आधीची तारीख होती. पोरीने मशीनमध्ये तारीख नीट केली, पुढच्या चिठ्ठ्या बरोबर निघाल्या, आणि ज्यांच्या चुकल्या होत्या त्यांना डेपोवाल्याने तेवढ्या दिवशी चारा दिला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मधले सगळे दिवस मशीन शहाण्यासारखं चालायचं आणि एका संध्याकाळी एकदम कोकलायचं. मेकॅनिकला केजला निरोप धाडले, पण एका जुन्या डब्यासाठी एवढ्या लांब यायला तो तयार नव्हता.

मग पोरीने स्वतः शोध लावायला घेतला. दोनशे पानी वही आणली. रोज सकाळ-संध्याकाळ मशीन सरळ सुरू झालं की अडलं ते लिहायची. लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, इन्व्हर्टरचा दिवा हिरवा होता की लाल, सगळं. एकदा तिने मुद्दाम मेन स्विच बंद ठेवला आणि तासाभराने मशीन लावलं. सरळ लागलं. "म्हंजी लाइटीचा दोष न्हाई," म्हणाली आणि तसं लिहिलं. बटणांची पाटी उलटी करून झटकली, तिच्यातून भुसा आणि एक मेलेली मुंगी निघाली. प्रिंटर काढून नुसतं मशीन लावून बघितलं. उंदराच्या लेंड्या मोजल्या. मला ते पोरखेळ वाटायचं. धान्य निवडावं तशी ती एकेक गोष्ट वेगळी काढत होती, पण तेव्हा मला तसं दिसलं नाही. "लई डोकं चालवू नगं," असं मी तिला एकदोनदा म्हणाले.

आता माझं सांगते.

आमच्या घरात अमावस्येला औत धरत नाहीत. नांगर, कुळव, काही नाही. बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. सासूने मला सांगितलं, मी सुनेला सांगितलं. ऑफिसात येऊन बसायला लागले तेव्हा मला वाटलं, हे मशीन गावाचं दूध रोज ओढतं, बाराही महिने, दोन्ही वेळेला. त्याला एक दिवस तरी सोडायला पाहिजे. दूध तर थांबवता येत नव्हतं. मग मी त्यातल्या त्यात मार्ग काढला. अमावस्येला सकाळचं माप झालं, पोर जेवायला घरी गेली, की दुपारी मी माझ्या किल्लीने ऑफिस उघडायचे. झाडून घ्यायचे. मशीनच्या मागची जाड वायर उपसून बाजूला ठेवायचे, म्हणजे जू उतरवलं. मागच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असं कुंकवाचं बोट लावायचे. वर धुतलेला टॉवेल टाकायचे. चार वाजले की वायर परत घट्ट खोचायची, टॉवेल घडी करून पिशवीत टाकायचा आणि घरी जायचं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मशीन बसवायला आला होता त्या माणसाने बजावलं होतं, हळदकुंकू, पाणी, अक्षता यातलं काही ह्याच्या जवळ आणायचं नाही. सचिव तेव्हा माझ्याकडे बघून हसला होता. चेअरमन झालेल्या बाईने अजून यंत्राला कुंकू लावावं याची मला लाज वाटत होती, आणि न लावावं तर भीती वाटत होती. म्हणून दार लोटून करायचे. दोन वर्षं केलं, मशीनला काही झालं नाही. मग त्याचा आणि खोडीचा संबंध मी कशाला लावते?

चौथ्या वेळेला मशीन अडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. सचिव बाहेर होता.

"काकू, काल दुपारी हापिस कुणी उघडलं व्हतं का?"

"म्याच येते की झाडायला. कावून?"

"न्हाई, इचारलं. झाडताना मागच्या वायरीला हात लागतो का तुमचा? कवा निघती का ती?"

ती हळू बोलत होती. माझी लाज राखून विचारत होती हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की ऊसतोड्याची पोर मला, चेअरमनला, उलटतपासणी करते.

"म्या काय खुळी हाय का वायरी उपसत बसायला? झाडू वायरीला लागतो व्हय? तुझं तू नीट बघ."

"बरं काकू," म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. तिचं अक्षर बारीक होतं आणि माझा चष्मा घरी होता. चष्मा असता तरी बघितलं नसतं.

पोळा आला. पोळा अमावस्येलाच असतो. त्या वर्षी गावात बैल थोडे राहिले होते, बरेचसे बाजार दाखवून झाले होते. ज्यांचे राहिले त्यांनी टँकरच्या पाण्यातून बादली वाचवून ते धुतले, शिंगं रंगवली. संध्याकाळी ऑफिससमोर गर्दी झाली. सणाच्या दिवशी बैलाला पोटभर चारा टाकायचा म्हणून सगळे लवकर आले होते, आणि डेपो सातला बंद होणार होता.

मशीन कोकललं.

पोर म्हणाली, "दोन मिन्टं थांबा, तारीख घालते."

सचिव तिच्या खांद्यावरून पुढे वाकला. "लोकं खोळंबली हायेत. चालू कर आधी." आणि त्यानेच बटण दाबलं.

"दादा, तारीख—"

"गप बस. माप घे."

मी पलीकडे खुर्चीत बसले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिने तारीख घालायला पान उघडलं की तो माप पुढे सरकवायचा. तीस-चाळीस चिठ्ठ्या जुन्या तारखेच्या निघाल्या. डेपोवाल्याने एकही घेतली नाही. त्याच आठवड्यात वरून तपासणी होऊन गेली होती आणि त्याला दम मिळाला होता. "माझी नोकरी घालवता का?" म्हणाला आणि फळी लावून घेतली. एकदा चढलेलं दूध मशीन पुन्हा चढवून घेत नव्हतं, त्यामुळे दुसरी चिठ्ठीही निघेना. तो म्हशीचा विनोद करणारा म्हातारा बाहेर आपल्या दोन बैलांचे कासरे धरून उभा होता. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलेला. त्याने बैल फिरवले आणि रिकाम्या हाताने चालू लागला.

मग लोक पोरीवर तुटून पडले. तिने वही काढली.

"मी समदं लिवून ठिवलंय. मशीन आजवर पाच बारीला अडलंय. ह्या बघा तारखा." आणि तिने तारखा वाचल्या.

माझ्यासमोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मी सवयीने एकेक तारीख त्यात बघत गेले. प्रत्येक तारखेवर काळा गोल होता.

"ह्या तर समद्या अमावस्या हायेत," मी म्हणाले.

आवाज माझा होता, पण गर्दीतून एका बाईने तो उचलला. "मंग सरळच हाय की! टाकलेली बाई, अन् अमावस्येला यंत्राला हात लावती. काय व्हनार दुसरं?" मागून कुणीतरी म्हणालं, "नवऱ्यानं उगाच न्हाई सोडली."

पोरीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी पुढचं वाक्य बोलावं म्हणून थांबली होती.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला वायर आठवली. टॉवेल आठवला. दुपारीच तर मी तो घडी करून पिशवीत टाकला होता. आठवलं आणि मी मनातल्या मनात ते मागे ढकललं. दोन वर्षं काढतेय, तेव्हा का नाही झालं? मीच खोचली की परत, घट्ट. एवढं माझ्यासाठी पुरलं. मी पदर नीट केला आणि सचिवाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिव म्हणाला, "वहिनी, लोकं तिच्या हातून चिठ्ठी घ्याया तयार न्हाईत. तुमीच सांगा तिला. बाईनं बाईला सांगितलेलं बरं." त्याची भाची नुकतीच बारावी झाली होती, हे मला माहीत होतं. तरी मी सांगितलं. ऑफिसची एक किल्ली माझ्याकडे असायची, एक तिच्याकडे. मी तिची मागितली.

तिने किल्ली टेबलावर ठेवली. "काकू, काल दुपारी तुमी—"

"जा आता," मी म्हणाले.

वही छातीशी धरून ती गेली.

पुढची अमावस्या सर्वपित्रीची. मी दुपारी ऑफिसात गेले. कुंकू नेलं नाही, टॉवेल नेला नाही. मी फक्त वायर काढली, मनात पाचशेपर्यंत मोजलं आणि परत खोचली. काहीच होऊ नये म्हणून देवाचा धावा करत होते. संध्याकाळी सचिवाच्या भाचीने मशीन लावलं आणि ते कोकललं.

म्हणजे मेकॅनिक यायच्या आधीच मला कळलं होतं. तो आला चार दिवसांनी, सचिवाने कुणाकडून तरी दबाव आणला तेव्हा. मशीनची एक बाजू उघडली, आत बोट घातलं आणि रुपयाएवढा एक चपटा सेल काढून टेबलावर ठेवला.

"हा मेलाय. पाच-सहा महिने झाले असतील. तारीख-वार ह्याच्या जिवावर असतं. हा मेला तरी वायर जोडलेली हाय तवर लाइटीवर, न्हाईतर इन्व्हर्टरवर मशीन समदं ध्यानात ठिवतं. वायर काढली की इसरतं. मंग सुरू करताना तुमाला इचारतं, आज कोणता दिवस हाय." त्याने हात पुसले. "पन वायर काढतं कोन?"

सचिवाने माझ्याकडे बघितलं. भाचीने बघितलं. किल्ली माझ्याकडे होती.

"कुनी न्हाई," मी म्हणाले.

"आधी व्हती ती पोरगी काढत असंल," सचिव म्हणाला. "शिकलेली व्हती ना. उगं उघडझाप करायची."

मी गप्प बसले. पोरीला मी दिलेलं उत्तर निदान तोंडातून पटकन गेलं होतं. हे तसं नव्हतं. मला सगळं माहीत होतं, मेकॅनिक समोर उभा होता, चहा निवत होता आणि मी गप्प बसले. त्या दिवशी "वायर म्या काढते" एवढे तीन शब्द बोलले असते तर ती गावातच राहिली असती. ट्रक यायला अजून वेळ होता. दसराही व्हायचा होता.

नवा सेल बसला. मशीन पुन्हा कधी कोकललं नाही. टँकरच्या रांगेत बायका मला म्हणायच्या, "काकू, येळेवर काढली तिला. बघा, मशीन कसं सुदरलं." मी घागर पुढे सरकवायचे.

दिवाळीच्या तोंडावर ट्रक आले. माझ्या कानावर आलं की तिच्या वस्तीवरची माणसं फाट्यावर बसली आहेत. मी गेले. तिला सांगायचं असं घरातून ठरवून निघाले. ती रस्त्याच्या कडेला बोचक्यावर बसली होती. शेजारी आई, पत्रे, चूल, पाण्याची टिपाडं. कोयत्यांच्या पात्यांना फडकी गुंडाळली होती. मला बघून उठली.

"मशीन कसं हाय, काकू?"

"नीट हाय."

"सेल बदलला का?"

मी मान हलवली.

"मी जेठातच सचिवदादाला म्हनले व्हते, सेल बघून घ्या. ते म्हनले, मेकॅनिक आला म्हंजी बघू." हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. कुणाच्या तब्येतीची चौकशी करावी तसं बोलली. "पन सेल मेला तरी वायर काढल्याबिगर तसं व्हत न्हाई."

ती थांबली. पोळ्याच्या दिवशी थांबली होती तशीच. मुकादम ओरडत होता, माणसं चढत होती. आजूबाजूला गावातली चार माणसं होती.

मी म्हणाले, "सांभाळून ऱ्हा."

तिने बोचकं उचललं आणि ट्रकमध्ये चढली. बसताना तोंड पलीकडे केलं. मी ट्रक निघेपर्यंत उभी होते. लोकांना वाटलं, चेअरमन किती मायाळू, कामावरून काढलेल्या पोरीला निरोप द्यायला आली. तसं एकजण मला म्हणालाही.

त्या थंडीत मला झोप लागत नव्हती असं काही सांगणार नाही. झोप लागत होती. जेवत होते. पण ऑफिसात गेले की त्या मशीनकडे पाठ करून खुर्ची ठेवायचे.

चैत्रात माणसं परत आली. तोवर संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस निघाली होती. सभेत विषय संपले, आभार मानायची वेळ आली, तेव्हा मी उठले आणि सांगितलं. मशीनची वायर अमावस्येला मी काढत होते. त्याला औतासारखं सोडत होते. पोरीचा दोष नव्हता. पोळ्याच्या दिवशी तिला तारीख घालू दिली नाही ती सचिवाने.

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा मंडप हसला.

"काकूनं कांप्युटरचं औत सोडलं!"

"जू उतरवलं का, काकू? मंग येसनबी काढायची व्हती!"

"पोळ्याला शिंगं रंगवायची राह्यली की वो!"

माणसं डोळे पुसत होती. सचिवही हसत होता, त्याचं नाव घेतलं होतं ते त्या हसण्यात बुडून गेलं. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी खुर्ची सोडा म्हणालं नाही. मोठ्या घरातल्या म्हातारीची गंमत म्हणून विषय मिटला. आजही गावात कुणाचं मशीन बिघडलं तर विचारतात, आज अमावस्या हाय का? ज्या गोष्टीसाठी तिला सहा महिने उसाच्या फडात काढावे लागले, त्याच गोष्टीसाठी मला लोकांचं हसू मिळालं. आणि जिच्याबद्दल मी बोलले ती सभेत नव्हती. सभासद नसलेल्याला सभेत बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या वस्तीवर गेले. ती दारात भांडी घासत होती. हाताला उसाच्या पाचटाने चिरे पडले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की काल सभेत मी बोलले.

"कळलं," ती म्हणाली. "लई हासले म्हनं लोकं."

"तुला माहीत व्हतं ना? वायरीचं?"

"वायरीच्या पिनीला कुंकू लागलेलं असायचं. अमावस्येच्या सांजंला फकस्त. तुमी आधी कुंकू लावीत असाल, मंग त्याच बोटानं वायर खोचीत असाल."

"मंग पोळ्याला बोलली का न्हाई? वही तर तुझ्या हातात व्हती."

तिने भांडं खाली ठेवलं. "वहीत हाय की लिवलेलं. कुंकू ओलं, असं तीन ठिकानी हाय. पन मी म्हनले असते, चेअरमन काकू वायर काढतात, अन् तुमी म्हनल्या असत्या न्हाई. मंग कुनाचं खरं धरलं असतं लोकांनी?" मग म्हणाली, "मला वाटलं, तुमी म्हनाल."

मी विचारलं, परत येतेस का? भाचीला काढते म्हणाले. ती नाही म्हणाली. तिने ते ठरवलेलं दिसत होतं.

"मला कागद लिवून द्या," म्हणाली. "दिंद्रुडकडं एका दूध केंद्रावर जागा हाय. तिथं आपल्या गावचं मानूस हाय, त्यानं सांगून ठिवलंय, हिच्या हातानं मशीन बिघडतं. तुमच्या हातचा कागद द्या, सही-शिक्क्याचा. सभेत हासले त्याचा मला काय उपेग न्हाई."

मी परत गावात आले. ऑफिस उघडलं, संस्थेचा कोरा कागद आणि शिक्का घेतला, चष्मा घेतला आणि पुन्हा वस्तीवर गेले. भाचीला म्हणाले असते तर तिने मशीनवर छापून दिला असता. पण पोरीने माझ्या हातचा मागितला होता. तिच्या दारात बसून मांडीवर पाट घेऊन मी लिहिलं. चौथीनंतर सहीपलीकडे एवढं मी क्वचितच लिहिलं असेल. अर्धा तास लागला. ती समोर उभी राहून वाचत होती.

मी लिहिलं होतं, वायर निघाल्यामुळे मशीन बिघडले.

"निघाल्यामुळं न्हाई," ती म्हणाली. "काढल्यामुळं. कुनी काढली ते लिवा."

मी खोडलं. 'मी माझ्या हाताने वायर काढत होते आणि विचारल्यावर नाही म्हणाले' असं लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद तिला दिला. तिने तो वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि माझ्याकडे परत केला.

"तारीख राह्यली, काकू."

तारीख मला सांगता येईना. तिला विचारली. तिने सांगितली, मी घातली.

तिने घडी करून कागद त्या दोनशे पानी वहीत ठेवला. तिच्या आईने चहा आणला. त्यांच्याकडे जनावर नव्हतं, चहा बिनदुधाचा होता. दूध संस्थेची चेअरमन दारात बसली आहे म्हणून त्या माउलीला ओशाळल्यासारखं झालं, कप देताना म्हणाली, "कोराच हाय वो." मी तो सगळा प्याले.